पावटा जुना, घेवडा नवा

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, पवना नदीच्या खोऱ्यात शिरगाव आहे. सारा मावळ भाताचा. पावसाळा संपून भात कापून झाला की खाचरातली ओल वाया जाऊ न देता तिच्यावर वाल, पावटा, हरभरा, मसूर यांसारखे कडधान्य घ्यायचे, ही या मुलखातली जुनी रीत. आज शिरगावच्या आसपास द्रुतगती मार्ग आहे, साईमंदिराकडे येणाऱ्यांची गर्दी आहे, घरबांधणी आहे. पण संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, भाजीत पावट्याचे दाणे पडतातच.

या पांढऱ्या दाण्याला विचारले, "बाबा रे, तू मूळचा कुठला?" तर काय उत्तर मिळेल? आणि त्याच्या शेजारच्या डब्यातल्या, दिसायला त्याच्यासारख्याच पांढऱ्या घेवड्याला विचारले तर? दोघांची उत्तरे इतकी वेगळी आहेत की त्यांच्यामध्ये एक महासागर आणि तीन हजारांहून अधिक वर्षे उभी राहतात. ती उत्तरे शोधताना जगातल्या मोठमोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांची फसगत झाली आहे, आणि ती वारंवार एकाच गोष्टीमुळे झाली: नावामुळे.

चार वाट्या

सुरुवात किराणा दुकानापासून करू. चार वाट्यांत चार पांढरी कडधान्ये घ्या: पावटा, पांढरा घेवडा (म्हणजे पांढरा राजमा), चवळी आणि डबल बी. आता रंग विसरा आणि प्रत्येक दाण्याचा ‘डोळा’ पाहा. दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो तिथे राहिलेली खूण म्हणजे डोळा. साधे भिंग असेल तर उत्तम.

पावट्याचा डोळा दाण्याच्या कडेवर असतो. तो लांबट असून त्यावर पांढरी, वर आलेली रेघ असते. बोट फिरवले तर उंचवटा लागतो. घेवड्याचा डोळा लहान, लंबगोल आणि दाण्याच्या आत वळलेल्या बाजूच्या मध्यावर असतो. त्यावर असा उंचवटा नसतो. चवळीच्या डोळ्याभोवती गडद कडे असते, कोणी काजळ घातल्यासारखे. डबल बी मोठी आणि चपटी. तिच्या डोळ्यापासून कडांकडे पसरत गेलेल्या बारीक रेषा भिंगातून दिसतात.

रंग एक, पण डोळे चार प्रकारचे. वनस्पतिशास्त्रात या चौघांची नावेही वेगळी आहेत. पावटा आणि वाल हे लॅबलॅब परप्युरियस. चवळी विग्ना अंग्विक्युलाटा. घेवडा, राजमा आणि कोवळ्या शेंगांची फरसबी हे सगळे फॅसिओलस व्हल्गॅरिस. डबल बी ही घेवड्याची चुलत बहीण, फॅसिओलस ल्युनाटस. पेरू देशाच्या राजधानीवरून जगात तिला लिमा बीन म्हणतात.

चौघांची घरे अशी: चवळी आफ्रिकेतली. पावट्याची रानटी वेलही आफ्रिकेत सापडते. घेवडा आणि डबल बी मात्र अमेरिकेतली. म्हणजे १४९२ साली कोलंबसाने अटलांटिक ओलांडण्यापूर्वी आपल्याकडच्या कोणत्याही हंडीत घेवडा शिजणे शक्य नव्हते. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी कोरणाऱ्या कारागिरांना पावट्याची उसळ मिळाली असेल, कुळथाचे कढणही मिळाले असेल. घेवड्याची आमटी नाही.

पण हे आपल्याला कळले कसे? दाण्यावर तर जन्मगाव लिहिलेले नसते.

नावाची फसवणूक

आपल्याकडे ‘घेवडा’ हे एक नाव दोन झाडांना आहे. ‘वाल घेवडा’ म्हटले की पावट्याच्या जातीच्या शेंगा. ‘श्रावण घेवडा’ म्हटले की फरसबी. सातारा जिल्ह्यात कोरेगाव भागातला ‘वाघ्या घेवडा’ प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्याच्या दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात, आणि तो आहे अमेरिकन घराण्यातला. नवी वस्तू आली की लोक तिला ओळखीच्या वस्तूचे नाव देतात. क्वचित नाव वस्तूबरोबरच येते. फरसबी हा शब्द म्हणजे ‘फ्रेंच बीन’चे मराठी जिभेवर रुळलेले रूप, आणि डबल बी म्हणजे ‘डबल बीन’.

याहून फसवे उदाहरण ‘राजमा’चे आहे. आयुर्वेदाच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत ‘राजमाष’ नावाचे धान्य येते. ते वाचून कोणी म्हणेल, पाहा, आपल्या पूर्वजांना राजमा ठाऊक होता! पण त्या ग्रंथांतला राजमाष म्हणजे चवळी. पावट्याला तिथे ‘निष्पाव’ असे वेगळे नाव आहे. अमेरिकेतून नवा दाणा आला आणि उत्तर भारतात चवळीच्या जुन्या संस्कृत नावाचा वारसा त्याच्याकडे गेला. नाव दोन हजार वर्षांचे, दाणा काही शतकांचा.

नेमका हाच प्रकार युरोपात घडला होता. ग्रीक आणि रोमन लोक एका शेंगेला फॅसिओलस या अर्थाची नावे देत. इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेन राजाच्या मळ्यांसाठी पिकांची यादी केली गेली, तिच्यातही हे नाव आहे. तेराव्या शतकात आल्बर्टस मॅग्नस या विद्वानाने त्याचे वर्णन करताना लिहिले की दाणे अनेक रंगांचे असतात, पण प्रत्येकाच्या डोळ्यापाशी काळा ठिपका असतो. आपल्या चार वाट्या आठवा. काळा ठिपका कोणाचा? चवळीचा! प्राचीन युरोपातले फॅसिओलस म्हणजे चवळीच होती.

सोळाव्या शतकात अमेरिकेतून नवा घेवडा आला. तो चवळीपेक्षा युरोपच्या थंड हवेत चांगला वाढला. १५४२ साली लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याच्या वनस्पतिग्रंथात त्याचे चित्र छापले गेले. हळूहळू जुने नाव नव्या दाण्याला चिकटले आणि पुढच्या पिढ्यांना वाटू लागले की हा दाणा रोमन काळापासून इथलाच आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५३ साली फॅसिओलस व्हल्गॅरिसची नोंद केली, तेव्हा त्याचे वसतिस्थान म्हणून त्याने चक्क भारत असे लिहून ठेवले.

थडग्यातले दाणे

ही चूक सुधारायला सव्वाशे वर्षे लागली. १८७५ साली राइस आणि श्ट्यूबेल या दोन जर्मन संशोधकांनी पेरूच्या किनाऱ्यावर आंकोन येथील जुनी दफनभूमी उकरली. तिथली हवा इतकी कोरडी की मृतांबरोबर पुरलेले अन्नही टिकून राहिले होते. त्यात मका होता, आणि घेवड्याचे व डबल बीचे दाणेही होते. लुडविग व्हिट्माक या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते तपासून १८८० पासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या थडग्यांत घेवडा सापडतो, याचा अर्थ तो युरोपातून तिकडे गेलेला नाही.

१८८२ च्या सुमारास आल्फोन्स द कांदोल या स्विस शास्त्रज्ञाने लागवडीच्या वनस्पतींच्या मूळस्थानावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याने सगळे पुरावे एकत्र मांडले. भारतात किंवा इजिप्तमध्ये घेवडा फार जुना असल्याची खूण नाही. युरोपात सोळाव्या शतकात त्याचे वाण एकाएकी वाढलेले दिसतात. या कुळातल्या बहुसंख्य रानटी जाती अमेरिकेत आहेत. आणि शिवाय पेरूच्या थडग्यांतले दाणे. तरीही त्याने निकाल जपून दिला. एका पुराव्यावर विसंबायचे नाही, भाषा, इतिहास, वनस्पतींचा प्रसार आणि उत्खनन हे सगळे एकमेकांशी ताडून पाहायचे, ही त्याची पद्धत. आजही ती शिकवण्याजोगी आहे.

पुढे डीएनएच्या अभ्यासाने चित्र आणखी स्पष्ट झाले. घेवडा एकदा नव्हे, दोनदा माणसाळवला गेला: एकदा मेक्सिकोच्या बाजूला आणि एकदा अँडीज पर्वतराजीत. भारतात आज पेरल्या जाणाऱ्या घेवड्यांतही याच दोन घराण्यांच्या खुणा मिळतात.

पुणे जिल्ह्यातला वाद

आता पुन्हा घराकडे येऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे उजेडात आली. घरे, चुली, धान्याची कणगी ठेवायच्या जागा आणि जळून कोळसा झालेले दाणे सापडले. सातू, मसूर, कुळीथ अशी पिके त्या दाण्यांवरून ओळखता आली.

जळलेले धान्य का टिकते? साधे धान्य जमिनीत किडे आणि बुरशी फस्त करतात. कोळसा झालेला दाणा मात्र कोणी खात नाही. म्हणून हजारो वर्षांपूर्वी चुलीशेजारी सांडून करपलेले मूठभर धान्य आज आपल्याला इतिहास सांगते.

पण हा साक्षीदार अर्धवट बोलतो. दाणा भाजताना फुगतो, तडकतो, त्याचे साल उडते. आपण मघाशी ज्या डोळ्यावरून ओळख पटवली तो डोळाच बरेचदा नाहीसा होतो. इनामगाव आणि दक्षिणेतल्या आणखी काही जुन्या वस्त्यांतले काही दाणे फॅसिओलस व्हल्गॅरिस म्हणून नोंदले गेले. त्यांचा आधार घेऊन काही अभ्यासकांनी असे मांडले की घेवडा कोलंबसाच्या तीन हजार वर्षे आधीच भारतात पोचला होता, म्हणजे त्या काळी महासागर ओलांडून ये-जा होती.

कल्पना मोठी आकर्षक आहे. आपल्याच जिल्ह्यात एवढा मोठा शोध! पण बहुतेक तज्ज्ञांनी ती मान्य केलेली नाही. तीन कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले, जळालेल्या दाण्याची ओळख. आकारावरून घेवड्याचा वाटणारा फुगलेला दाणा पावट्याचा वा चवळीचाही असू शकतो.

दुसरे, काळ. सभोवतालच्या थराचे वय हे दाण्याचे वय असेलच असे नाही. उंदीर, घुशी आणि मुळे वरचे दाणे खाली नेतात. हा धडा खुद्द पेरूनेच दिला. तिथल्या गीतार्रेरो गुहेतला घेवडा थराच्या वयावरून आठ हजार वर्षांहून जुना समजला जाई. १९९९ साली दाण्यांचेच कार्बन-१४ पद्धतीने वय काढल्याचे प्रसिद्ध झाले. ते भरले सुमारे ४३०० वर्षे. प्रवेगक यंत्राच्या मदतीने आता दाण्याचा छोटासा तुकडाही वय काढायला पुरतो. तेव्हा एवढा मोठा दावा करायचा तर थेट दाण्याचे वय हाती हवे.

तिसरे कारण पुन्हा नावाचे! मूग, उडीद आणि मटकी यांनाही पूर्वी फॅसिओलस कुळातच ठेवलेले होते. मूग होता फॅसिओलस ऑरियस, उडीद फॅसिओलस मुंगो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांना विग्ना या चवळीच्या कुळात नेण्यात आले. जुना अहवाल चाळणाऱ्याला फॅसिओलस शब्द दिसला म्हणजे तिथे घेवडाच होता असे होत नाही.

पावट्याची गोष्ट याउलट आहे. कर्नाटकात बळ्ळारीजवळ संगनकल्लू आणि त्या परिसरातील नवाश्मयुगीन वस्त्यांत कुळीथ व मूग यांच्या जोडीने पावट्याचेही दाणे मिळाले आहेत. ते इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातले. म्हणजे पावटासुद्धा एका अर्थी पाहुणाच. फक्त तो सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी आला आणि घरचा झाला.

मातीची आणि सूर्याची साक्ष

पुराव्यासाठी दर वेळी जमीन खणायलाच हवी असे नाही. शेतातले उभे पीकही साक्ष देते.

कडधान्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांत रायझोबियम गटातील जिवाणू राहतात, हे आपण शिकवतो. हे जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देते. पण प्रत्येक झाडाचे प्रत्येक जिवाणूशी जमत नाही. पावटा, चवळी, मूग, कुळीथ यांना चालणारे जिवाणू आपल्या जमिनीत भरपूर आहेत. घेवड्याला हवे असलेले सोबती मात्र आपल्या मातीत पुरेसे नाहीत. त्याच्या मुळांवर गाठी कमी येतात. म्हणूनच इतर कडधान्यांना हेक्टरी २०-२५ किलो नत्र पुरत असताना राजम्याला सुमारे १०० किलो किंवा त्याहून अधिक द्यावा अशी शिफारस करतात. आपल्या मातीतल्या जिवाणूंशी घेवड्याची घसट अजून झालेली नाही.

दुसरी साक्ष सूर्याची. मावळात जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा असतो, डिसेंबरमध्ये सुमारे ११ तासांचा. पावट्याचे जुने वेली वाण दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलावर येत नाहीत. पावसाच्या सुरुवातीला लावलेला वेलही दिवाळीच्या सुमारासच फुलू लागतो. त्यामुळे पावट्याच्या शेंगा थंडीत येतात. भोगीच्या भाजीत पावटा असतो आणि रायगडकडे थंडीतल्या पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगा भरतात, त्यामागे वनस्पतीचे हे घड्याळ आहे. घेवड्याच्या अनेक वाणांनी मात्र माणसाच्या हाती फिरता फिरता दिवसाच्या लांबीचे बंधन सोडले. ते ऐन पावसाळ्यात, दोनेक महिन्यांत शेंगा देतात. ‘श्रावण घेवडा’ या नावातला श्रावण तेवढा खरे बोलतो: पावट्याचा जुना वेल ज्या महिन्यात शेंग देणार नाही, त्या महिन्यात ही नवी शेंग मिळू लागली.

दाणा पांढरा का?

रानटी घेवड्याचा दाणा पांढरा नसतो. तो करडा-तपकिरी, ठिपक्यांचा, मातीत मिसळून जाणारा असतो. पांढरा रंग म्हणजे खरे तर रंगाचा अभाव. सालीत रंगद्रव्य तयार करण्याचा हुकूम देणारे एक जनुक बिघडले की दाणा पांढरा होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की घेवड्यात हे जनुक एकदाच नव्हे तर अनेक वेळा, वेगवेगळ्या जागी मोडून स्वतंत्रपणे बिघडलेले आहे. प्रत्येक वेळी एखाद्या शेतकऱ्याने किंवा शेतकरणीने तो निराळा दाणा पाहिला, आवडला म्हणून बाजूला ठेवला आणि पुन्हा पेरला. निवड करणारे हात निराळे, निवडलेला रंग एकच.

इथे मेंडेलची आठवण होते. वाटाण्याचे प्रयोग सर्वांना ठाऊक असतात, पण १८६६ च्या त्याच निबंधात त्याने घेवड्यावरचे प्रयोगही दिले आहेत. पांढऱ्या फुलांचा बुटका घेवडा आणि लाल फुलांचा वेली घेवडा यांचा त्याने संकर केला. दुसऱ्या पिढीत फुलांचे लालपासून फिकट जांभळ्यापर्यंत कितीतरी रंग आले आणि फुललेल्या ३१ झाडांत पांढऱ्या फुलांचे झाड एकच निघाले. वाटाण्याचे तीनास एक हे प्रमाण इथे बसेना. मेंडेलने प्रयोग लपवला नाही. हा रंग एकाहून अधिक घटकांच्या मेळाने बनत असावा, असा तर्क त्याने मांडला. तो पुढे बरोबर ठरला. घेवड्याच्या दाण्यांच्याच वजनांवर डेन्मार्कच्या योहानसेनने १९०३ साली शुद्ध वंशाचे प्रयोग प्रसिद्ध केले. ‘जीन’ हा शब्द १९०९ साली त्यानेच दिला.

पांढरेपणाचा तोटाही आहे. रंगीत सालीतली टॅनिनसारखी द्रव्ये बीचे बुरशीपासून रक्षण करतात. पांढऱ्या सालीत ती फार कमी असल्याने थंड, चिखलट जमिनीत पांढरे बी लवकर कुजते. फायदा स्वयंपाकघरात: तुरटपणा कमी, आणि आमटी काळपट होत नाही.

स्वयंपाकघरातले शास्त्र

नावातल्या गोंधळाचा खरा धोका इथे आहे. पावट्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या घडत आली. वाल रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे, मग डाळिंब्यांची उसळ किंवा बिरडे करायचे. यातल्या प्रत्येक पायरीला अर्थ आहे. पाण्याबरोबर पोटात वायू करणाऱ्या काही शर्करा निघून जातात, मोड येताना आणखी काही खर्च होतात. साल काढली की कडवट-तुरट भाग जातो. आमसूल किंवा चिंच दाणा शिजल्यावरच घालायची, कारण आंबट पाण्यात पेशींना जोडणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि दाणा टणक राहतो. जड पाण्यातल्या कॅल्शियमनेही तेच होते.

घेवड्याला याखेरीज आणखी एक नियम आहे, आणि तो मोडून चालत नाही. कच्च्या घेवड्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त. पांढऱ्यात सुमारे तिसरा हिस्सा, पण असतेच. कच्चे किंवा अर्धेकच्चे मोजके दाणेही पोटात गेले तर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि मग जुलाब होऊ शकतात. उपाय सोपा आहे: निदान पाच तास भिजवावे, ते पाणी टाकून द्यावे, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावे आणि मग मऊ होईपर्यंत शिजवावे. प्रेशर कुकरमध्ये हे नीट साधते. मंद आचेवर नुसते कोमट-गरम ठेवलेले दाणे मात्र घातक. उकळीच्या खाली, ८० अंशांच्या आसपास तापवलेल्या दाण्यांत विषाचा परिणाम उलट वाढलेला आढळला आहे.

शाळेत आपण मुलांना सांगतो, मोड आलेली कडधान्ये खा. मूग आणि मटकीसाठी ते ठीक आहे. पण कोणी ‘कडधान्य ते कडधान्य’ म्हणून मोड आलेला कच्चा राजमा कोशिंबिरीत घातला तर? मोड आल्याने हे विष पुरेसे जात नाही. पावटा आणि डबल बी हीसुद्धा कच्ची खाण्याची धान्ये नव्हेत, तीही नीट शिजवूनच खावीत. मुगाची रीत घेवड्याला लावता येत नाही, कारण दोघे केवळ नावाने ‘कडधान्य’ आहेत.

वर्गात करून पाहण्यासाठी

डोळ्यावरून ओळखण्याचा चार वाट्यांचा प्रयोग कोणत्याही वर्गात होतो. मुलांना आधी रंगावरून गट पाडू द्या, मग डोळ्यावरून. दोन्ही वेळचे गट फळ्यावर शेजारीशेजारी लिहा.

शाळेच्या कुंपणाला एक पावट्याचा वेल लावा आणि वाफ्यात घेवडा. पेरणीची आणि पहिल्या फुलाची तारीख नोंदवा. फूल आल्यावर होडीच्या तळासारख्या जुळलेल्या आतल्या दोन पाकळ्या भिंगातून पाहा. घेवड्यात त्या स्क्रूसारखा पीळ घेतात. पावट्यात त्या काटकोनात वाकतात, पण पीळ नसतो. ही ओळख दाण्याच्या डोळ्याहूनही पक्की.

दोन्हींचे एकेक रोप हलकेच उपटून मुळे धुवा, गाठी मोजा. एखादी गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातले द्रव्य तिथे असते, त्याचा तो रंग. दर वर्षी, दर गावी आकडे सारखे येणार नाहीत. ते जसे येतील तसे लिहावेत. मेंडेलने ३१ झाडांतले एक पांढरे झाड जसे लिहिले, तसे.

इतिहासाच्या तासाला मुलांना घरातल्या आजींना विचारून यायला सांगा: तुमच्या गावात पावट्याला काय म्हणतात, घेवडा कशाला म्हणतात, कोणता दाणा पूर्वी बांधावर असे आणि आता नाही? एकाच वर्गात एका नावाचे दोन-तीन अर्थ जमा होतील. त्या उत्तरांबरोबर एकेक दाणाही मागवून घ्या आणि नाव व दाणा कागदावर शेजारी चिकटवा. आल्बर्टस मॅग्नसने काळ्या ठिपक्याची नोंद केली नसती तर त्याचे फॅसिओलस म्हणजे काय हे ठरवणे आज फार अवघड गेले असते. आजींनी सांगितलेली नावेही नुसती लिहून ठेवली तर शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला तशीच अडचण येईल. शेजारी दाणा असेल तर तो डोळा पाहून ठरवील.